विजेचे मोजमाप: मीटर काय सांगतो, काय सांगत नाही

घरातला पंखा अचानक बंद पडला की वायरमनला बोलावणे जाते आणि तो खिशातून पहिली वस्तू काढतो ती टेस्टर. स्क्रू ड्रायव्हरसारख्या दिसणाऱ्या या साधनाचे टोक सॉकेटच्या छिद्रात घालून मागच्या धातूच्या टोपीवर बोट टेकविले की आतला निऑनचा इवलासा दिवा उजळतो आणि 'करंट आहे' असा निकाल दिला जातो. शहरी घरांत विजेसंबंधीचे बहुतेक निर्णय या एका दिव्याच्या भरवशावर घेतले जातात. वास्तविक टेस्टर काहीही मोजत नाही. त्यात दिव्याच्या जोडीला साधारण दहा लाख ओमचा रोध असतो. फेजच्या तारेतून निघालेली एक मिलिअँपिअरहूनही कमी धारा या रोधातून, दिव्यातून आणि माणसाच्या शरीरातून जमिनीकडे जाते. थोडक्यात, तपासणारा माणूस स्वतःच परिपथाचा भाग झालेला असतो. निऑनचा दिवा पेटण्यास ६० ते ९० व्होल्टही पुरतात. त्यामुळे तो उजळला म्हणजे पूर्ण २३० व्होल्ट आहेत असे ठरत नाही. तो उजळला नाही म्हणून तार निर्धोक आहे असेही ठरत नाही. दिवा निकामी झालेला असेल, तपासणारा कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चप्पल घालून उभा असेल, किंवा खिडकीतल्या उन्हामुळे मंद उजेड दिसलाच नसेल.

शरीराला मापकयंत्र करण्याची ही रीत विजेच्या अभ्यासाइतकीच जुनी आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी निरनिराळ्या द्रावणांची विद्युतवाहकता तुलनेने ठरविली, ती स्वतःच्या हाताला बसणारा धक्का कमी की जास्त एवढ्याच निकषावर. त्यांची ही निरीक्षणे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा ती आश्चर्यकारक इतकी अचूक निघाली. तोवर अर्थात मोजण्याची जबाबदारी शरीराकडून यंत्राकडे गेली होती.

मोजावयाच्या मूळ राशी तीन. तारेतून दर सेकंदाला किती विद्युतभार वाहतो ती विद्युतधारा, तिचे एकक अँपिअर. तो भार ज्या फरकामुळे वाहतो ते विभवांतर, बोलीभाषेतले व्होल्टेज, एकक व्होल्ट. आणि वाहण्याला होणारा अडथळा तो रोध, एकक ओम. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओम यांनी १८२७ मध्ये या तिघांचे नाते मांडले: विभवांतराला रोधाने भागले की धारा मिळते. मोजमापाच्या दृष्टीने या नियमाचे महत्त्व असे की तिन्ही राशींसाठी तीन स्वतंत्र यंत्रे लागत नाहीत. धारा ओळखणारे एक चांगले साधन हाती असले की उरलेल्या दोन्ही राशी त्यावरून काढता येतात.

ते साधन म्हणजे गॅल्व्हॅनोमीटर. तारेतून वीज वाहू लागताच शेजारची होकायंत्राची सुई हलते, हे डेन्मार्कच्या हान्स ख्रिस्तियन ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखविले होते. पुढे १८८२ मध्ये फ्रान्समध्ये द'आर्सोनव्हाल यांनी ही मांडणी उलटी केली. चुंबक स्थिर ठेवून त्याच्या ध्रुवांमध्ये बारीक तारेचे हलके वेटोळे टांगले. वेटोळ्यातून धारा गेली की ते वळते, स्प्रिंग त्याला मागे ओढते आणि दोहोंचा तोल जेथे साधेल तेथे काटा थांबतो. महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील काट्याचे मीटर आजही याच तत्त्वावर चालतात.

अशा एका गॅल्व्हॅनोमीटरच्या वेटोळ्याचा रोध ५० ओम आहे आणि एक मिलिअँपिअर धारेला त्याचा काटा पट्टीच्या शेवटापर्यंत जातो, असे समजू. यापासून एक अँपिअरपर्यंत मोजणारा अॅमीटर करावयाचा तर वेटोळ्याला समांतर सुमारे ०.०५ ओमचा जाड धातूचा तुकडा जोडतात. त्याला शंट म्हणतात. हजारातले ९९९ भाग शंटमधून निघून जातात आणि एक भाग काटा हलवितो. त्याच गॅल्व्हॅनोमीटरपासून दहा व्होल्टचा व्होल्टमीटर करावयाचा तर वेटोळ्याला एकसरीत ९,९५० ओमचा रोध जोडावा लागतो. यंत्र एकच, पण पहिल्या रूपात त्याचा रोध जवळपास शून्य आणि दुसऱ्या रूपात दहा हजार ओम. म्हणून अॅमीटर धारेच्या वाटेत, एकसरीत जोडतात, तर व्होल्टमीटर दोन बिंदूंच्या मध्ये, समांतर. ही अदलाबदल शाळेच्या परीक्षेत एका गुणाची चूक ठरते. घरच्या सॉकेटमध्ये मात्र ती जिवावर बेतू शकते. अॅमीटर सॉकेटच्या दोन छिद्रांत जोडणे म्हणजे फेज आणि न्यूट्रल सरळ एकमेकांना जोडणे होय.

मोजणाऱ्याचा हस्तक्षेप

मापकयंत्राला मोजण्यासाठी परिपथातून थोडी तरी ऊर्जा घ्यावीच लागते. ताप पाहताना थर्मामीटर अंगातली किंचित उष्णता घेतो, तसेच हे. फरक एवढाच की विजेच्या बाबतीत ही किंचित उचल कधी कधी मूळ राशीहूनही मोठी ठरते. एक साधे उदाहरण पाहता येईल. दहा व्होल्टच्या बॅटरीला प्रत्येकी एक लाख ओमचे दोन रोध एकसरीत जोडले, तर प्रत्येकावर बरोबर पाच व्होल्ट असले पाहिजेत. वर तयार केलेला दहा हजार ओमचा व्होल्टमीटर त्यांपैकी एका रोधावर टेकविला तर तो ०.८३ व्होल्ट दाखवील. दर व्होल्टला वीस हजार ओम या दर्जाचा चांगला काट्याचा मीटर दहा व्होल्टच्या टप्प्यावर ४ व्होल्ट दाखवील. आजचा एक कोटी ओम रोधाचा डिजिटल मीटर ४.९७ ते ४.९८ दाखवील. तिन्ही मीटर निर्दोष आहेत आणि जोडल्यानंतर तेथे जे विभवांतर उरले ते तिघांनीही खरेच सांगितले आहे. मीटर जोडण्यापूर्वी तेथे काय होते, हा प्रश्न वेगळा आहे.

या अडचणीवर एकोणिसाव्या शतकाने काढलेला तोडगा अतिशय देखणा आहे. धारा मोजण्याऐवजी ती शून्य करावयाची. चार रोधांच्या चौकटीत मधला गॅल्व्हॅनोमीटर शून्यावर येईपर्यंत एक रोध बदलत न्यावयाचा; काटा थांबला की अज्ञात रोध साध्या गुणोत्तराने मिळतो. ही कल्पना सॅम्युएल हंटर क्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडली आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ती प्रकाशात आणली. व्हीटस्टन यांनी श्रेय क्रिस्टी यांना दिले होते, तरी नाव मात्र व्हीटस्टन सेतू असेच रूढ झाले. बारावीच्या प्रात्यक्षिकात मीटर ब्रिजच्या तारेवर जॉकी सरकवीत शून्य विचलन शोधणारा विद्यार्थी हेच करीत असतो. पोटेन्शिओमीटरचेही तत्त्व हेच. संतुलनबिंदूवर तो घटाकडून काहीच धारा घेत नाही, म्हणून त्याने मिळालेले उत्तर घटाचे खरे विद्युतचालक बल असते.

मल्टिमीटर

अँपिअर, व्होल्ट आणि ओम हे तिन्ही एकाच पेटीत मोजण्याची कल्पना ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनल्ड मॅकेडी यांची. दूरध्वनीच्या तारा दुरुस्त करताना वेगवेगळे मीटर वाहून नेण्याचा त्यांना कंटाळा आला होता. त्यातून १९२३ मध्ये अॅव्होमीटर बाजारात आला आणि त्याचे उत्पादन थेट २००८ पर्यंत चालू राहिले. भारतात अशा मापकयंत्रांच्या निर्मितीत नाशिकचे नाव घेतले जाते. मोटवाने आणि ऋषभ हे दोन्ही उद्योग तेथलेच.

आज काही शे रुपयांत डिजिटल मल्टिमीटर मिळतो आणि अनेक घरांत तो असतोही. त्याच्या उच्च रोधामुळे वर सांगितलेला हस्तक्षेप जवळजवळ नाहीसा होतो; पण त्यातूनच एक नवा घोटाळा निर्माण होतो. भिंतीतल्या एकाच नळीतून अनेक तारा शेजारी शेजारी जातात. त्यांतली एक तार कोठेही जोडलेली नसली तरी शेजारच्या फेजमुळे तिच्यावर थोडा भार येतो आणि डिजिटल मीटर ४०, ६०, कधी ९० व्होल्टही दाखवितो. हे भासमान व्होल्टेज होय. काट्याचा मीटर जोडला किंवा होल्डरमधल्या साध्या बल्बचा टेस्ट लॅम्प लावला की ते तत्काळ कोसळते, कारण त्यामागे धारा पुरविण्याची ताकद नसते. बटण बंद केल्यावरही एखादा एलईडी बल्ब रात्री मिणमिणत राहतो, त्याचे एक कारण हेच असते. मात्र मीटरने दाखविलेले व्होल्टेज भासमानच असणार, असे परस्पर गृहीत धरणे अत्यंत धोक्याचे आहे.

प्रत्यावर्ती विजेच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म भेद आहे. घरातले २३० व्होल्ट हे परिणामी मूल्य असते. विभवांतर सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली होते आणि दर आवर्तनात ३२५ व्होल्टपर्यंत पोचते. स्वस्त मीटर सरासरी काढून तिला १.११ ने गुणतात. लहर गुळगुळीत असेल तर हे उत्तर बरोबर येते. पूर्ण चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर परिणामी मूल्य २३० असताना असा मीटर २५५ दाखवितो आणि बिचारा इन्व्हर्टर दुरुस्तीला जातो. ज्या मीटरवर 'ट्रू आरएमएस' लिहिलेले असते, तो लहरीचा आकार लक्षात घेऊन परिणामी मूल्य काढतो.

मीटर विकत घेताना किमतीपेक्षा त्याच्यावरची 'कॅट' ही खूण पाहावी. कॅट २ म्हणजे सॉकेटला लागणारी उपकरणे, कॅट ३ म्हणजे घरातील वितरण पेटी आणि पक्के वायरिंग, कॅट ४ म्हणजे इमारतीत वीज येते ती जागा. तारांवरून अचानक येणारा हजारो व्होल्टचा क्षणिक झटका मीटरच्या आतच न फुटता सहन व्हावा, यासाठी ही वर्गवारी असते. खूण छापणे सोपे असते, तेव्हा नावाजलेल्या उत्पादकाचाच मीटर घेणे शहाणपणाचे. सर्वांत नेहमीचा अपघात मात्र विसरण्यामुळे होतो. धारा मोजण्यासाठी लाल तार दहा अँपिअरच्या छिद्रात घातलेली असते, ती तशीच राहते आणि पुढच्या वेळी तोच मीटर सॉकेटमध्ये जातो.

न्यूट्रल गेला म्हणजे काय?

टेस्टरचा भ्रम सर्वांत महागात पडतो तो न्यूट्रलची तार तुटल्यावर. घरातले सर्व दिवे बंद आणि टेस्टर मात्र सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत उजळतो. यामुळे 'दोन फेज आले' असे अनुमान निघते. प्रत्यक्षात तुटलेल्या न्यूट्रलला चालू असलेल्या उपकरणांमधून फेजचेच विभव आलेले असते.

हाच दोष इमारतीच्या तीन फेजच्या मुख्य न्यूट्रलमध्ये झाला तर गोष्ट गंभीर होते. वेगवेगळ्या फेजवरची दोन घरे मग एकसरीत येऊन दोन फेजमधल्या ४०० व्होल्टवर चालू लागतात. एका घरात १००० वॉटचा हीटर आणि दुसऱ्या घरात केवळ १०० वॉटचा भार असेल, तर पहिल्याच्या वाट्याला जेमतेम ३६ व्होल्ट येतात आणि दुसऱ्याच्या वाट्याला ३६० हून अधिक. ज्याने वीज काटकसरीने वापरली त्याचाच टीव्ही जळतो. अशा वेळी टेस्टर दोन्ही घरांत सारखाच उजळतो. मीटरच्या तीन नोंदी मात्र दोष ताबडतोब दाखवितात: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिल्या दोन २३० च्या आसपास आणि तिसरी दोन-चार व्होल्ट, हे निरोगी वायरिंगचे लक्षण. न्यूट्रल-अर्थ नोंद मोठी असेल तर न्यूट्रल संशयास्पद. फेज-अर्थ नोंद कमी किंवा डगमगती असेल तर अर्थिंगची तार तुटलेली असण्याचा संभव. या नोंदी चालू विजेवर घ्यावयाच्या असल्याने त्या परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्याव्यात. त्याच्याकडे मीटर आहे की नुसताच टेस्टर, हे विचारण्यास मात्र हरकत नाही.

तार न तोडता धारा मोजणारा क्लॅम्प मीटर हे वायरमनच्या पिशवीतले दुसरे उपयुक्त साधन. त्याचा चिमटा एका तारेभोवती बसविला की तारेच्या चुंबकीय क्षेत्रावरून धारा कळते. दोन्ही तारा एकदम चिमट्यात धरल्या तर तो शून्य दाखवितो, कारण जाणारी आणि परतणारी धारा एकमेकींना रद्द करतात. नवखे येथे फसतात. पण हे शून्यच एका जीवरक्षक उपकरणाचा पाया आहे. गेलेली धारा पूर्ण परतली नाही तर ती दुसऱ्या वाटेने, कदाचित माणसाच्या शरीरातून, जमिनीत गेली असा अर्थ होतो. बोलीत ज्याला ईएलसीबी म्हणतात तो आजचा आरसीसीबी अखंड हेच तपासत असतो आणि फरक ३० मिलिअँपिअरवर पोचेपर्यंत वीज तोडतो.

त्याची गरज का पडते, हे अर्थिंगच्या रोधावरून कळते. अर्थिंगचा रोध पाच ओम असेल आणि गीझरच्या टाकीला फेज चिकटला, तर जमिनीत जाणारी धारा फार तर ४६ अँपिअर. ३२ अँपिअरचा एमसीबी यावर लगेच पडेलच असे नाही, आणि तोवर टाकी, नळ, पाणी सारेच धोकादायक असते.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात ओल्या भिंतींमुळे वीज वारंवार तुटते, तेव्हा दोष शोधण्याचे काम मेगरचे. तारेवरील आवरणाचा रोध लाखो ओममध्ये असतो. साधा मल्टिमीटर तो दोन-चार व्होल्टवर तपासतो, त्यामुळे दमट आवरणही त्याला निर्दोष भासते. मेगर ५०० व्होल्टचा एकदिश दाब देऊन पाहतो. जुन्या मेगरची मूठ हाताने फिरवावी लागे, आता बटण दाबले की पुरते. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी घरगुती वायरिंगसाठी किमान एक मेगओमची मर्यादा घातली होती आणि वायरमन आजही तोच आकडा तोंडपाठ सांगतात. मेगर लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करून टीव्ही, संगणक, एलईडी दिवे काढून ठेवावे लागतात.

'मीटर पळतो' ही तक्रार

आतापर्यंतची साधने वायरमनची झाली; ग्राहकाचा रोजचा संबंध येतो तो वीजमीटरशी. वीजविक्रीच्या आरंभी एडिसन यांच्या कंपनीने ग्राहकांकडे जस्ताच्या पट्ट्या बुडविलेल्या बरण्या बसविल्या होत्या. महिन्याने पट्टी वजन करून किती जस्त सरकले त्यावरून बिल काढले जाई. हंगेरीच्या ओट्टो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये चकतीचा मीटर तयार केला आणि तो शंभर वर्षांहून अधिक काळ जगभर फिरत राहिला. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये चकती गेली आणि तिच्या जागी लुकलुकणारा लाल दिवा आला. स्मार्ट मीटरमध्येही मोजण्याची रीत तीच आहे. बदल आहे तो आकडे परस्पर पाठविण्यात.

मीटर जे मोजतो ते युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास: हजार वॉटचे उपकरण एक तास चालविण्याची ऊर्जा. मीटरच्या दर्शनी भागावर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. त्यावरून ढोबळ पडताळणी घरीच करता येते. सर्व उपकरणे बंद करून केवळ १००० वॉटचा हीटर चालू ठेवला, तर ३२ वेळा लुकलुकण्यास ३६ सेकंद लागावयास हवेत. सर्व काही बंद असतानाही दिवा अधूनमधून लुकलुकत असेल तर कोठे तरी गळती आहे किंवा एखादे उपकरण अर्धवट जागे आहे. केवळ दहा वॉट सतत घेणारा सेट टॉप बॉक्स महिन्याला ७.२ युनिटे खातो.

या चाचणीत ३३ सेकंद आले म्हणून मीटर दोषी ठरविण्याची घाई करू नये. हीटरवरचे १००० वॉट हे २३० व्होल्टसाठी असतात आणि शक्ती विभवांतराच्या वर्गाप्रमाणे बदलते. त्या क्षणी २४० व्होल्ट येत असतील तर तोच हीटर १०८९ वॉट घेतो आणि ३३ सेकंद हेच बरोबर उत्तर होय. २१५ व्होल्ट असतील तर ८७४ वॉट आणि ४१ सेकंद. म्हणजे चाचणीच्या वेळी व्होल्टेजही मोजले नसेल तर चाचणीला अर्थ नाही. शिवाय हीटरवर छापलेला आकडाही थोडाफार मागेपुढे असतो, तर घरगुती मीटर सामान्यतः वर्ग १ चा, म्हणजे एक टक्क्याच्या मर्यादेतला. पाच-सात टक्क्यांचा फरक हीटरचाही असू शकतो. वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक पुन्हा पुन्हा येत असेल तर मात्र तक्रारीस जागा आहे.

मीटरच्या सीलला हात न लावता वीज कंपनीकडे शुल्क भरून चाचणीचा अर्ज करता येतो. तेथे मीटरची तुलना प्रमाणित मीटरशी होते, त्या मीटरची आणखी अचूक मीटरशी आणि ही साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील मानकांपर्यंत पोचते. २० मे २०१९ पासून अँपिअरची व्याख्याच इलेक्ट्रॉनच्या भाराच्या ठरविलेल्या मूल्यावर बांधलेली आहे. चाचणीचा अहवाल लेखी मागून घ्यावा. त्यानेही समाधान झाले नाही तर विद्युत कायदा २००३ नुसार प्रत्येक वितरण कंपनीला स्थापावा लागणारा ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तेथे जाताना चाचणीची तारीख, वेळ, सेकंद आणि त्या वेळचे व्होल्टेज लिहिलेला कागद सोबत असावा.